तहान, वेग आणि सरकारी जमीन : कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील रस्त्याकाठची नवले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा आग्नेय भाग दोन वाळवंटांनी व्यापलेला आहे. उत्तरेकडील उंच, डोंगराळ भाग मोहावी वाळवंट या नावाने ओळखला जातो, तर दक्षिणेकडील सखल आणि अधिक तापणारा भाग कोलोरॅडो वाळवंट म्हणून, आणि हा दुसरा भाग वस्तुतः मेक्सिकोत दूरवर पसरलेल्या सोनोरा वाळवंटाचाच एक तुकडा आहे. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प सिएरा नेवाडा, सान बर्नार्डिनो आणि सान हसिंतो या डोंगररांगा वाटेतच अडवतात. सह्याद्रीमुळे माणदेशाच्या वाट्याला जी पर्जन्यछाया येते, तीच येथे कितीतरी अधिक तीव्र स्वरूपात पडलेली असून अनेक ठिकाणी वर्षाकाठी दीडशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. अशा या निर्जल प्रदेशातून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला सिमेंटचे डायनोसॉर, रंगवलेली टेकडी, बाटल्यांची झाडे, शुक्रावरील पाहुण्याच्या सांगण्यावरून बांधलेला घुमट आणि १३४ फूट उंचीचा तापमापक अशी नवले ओळीने उभी आहेत. घरून निघताना ज्यांच्यासाठी कोणी निघत नाही, पण वाटेत दिसताच गाडीचा वेग आपोआप कमी होतो, अशा या स्थळांना अमेरिकेत ‘रोडसाइड अ‍ॅट्रॅक्शन’ म्हणतात.

प्रवासी पुस्तिकांमधून या स्थळांची बोळवण बहुधा ‘विक्षिप्त माणसांची विक्षिप्त कामे’ एवढ्या शब्दांत केली जाते. माणसे विक्षिप्त होती यात शंका नाही. मात्र विक्षिप्त माणसे सर्वत्र असतात, आणि त्यांची कामे नेमकी याच रस्त्यांवर, याच वळणांवर का साठली, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात सापडत नाही. ते पाण्याच्या टंचाईत, मोटारीच्या वेगात आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे या रूक्ष प्रश्नात शोधावे लागते. लॉस एंजेलिसहून निघून पूर्वेकडे कॅबेझॉन, दक्षिणेला सॉल्टन सी, तेथून उत्तरेला जोशुआ ट्री, अ‍ॅम्बॉय आणि बेकर, आणि परतताना बारस्टो व ओरो ग्रँडे असा फेरा मारला, तर ही तिन्ही कारणे एकामागून एक समोर येतात.

यातील पाण्याचे कारण सर्वांत जुने. वाफेच्या इंजिनाला इंधनाइतकीच पाण्याची गरज असते, त्यामुळे १८८३ मध्ये मोहावी ओलांडून कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्सपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा त्यावर ठरावीक अंतराने थांबे करावे लागले. त्यांची नावेही कार्यालयात बसून ठेवल्यासारखी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने आहेत : अ‍ॅम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी आणि पुढे फेनर, गॉफ्स. पुढे मोटारी आल्या आणि ११ नोव्हेंबर १९२६ रोजी शिकागो ते लॉस एंजेलिस हा ‘रूट ६६’ अधिकृतपणे अस्तित्वात आला, तेव्हा वाळवंटातील त्याची वाट या लोहमार्गाला धरूनच गेली, कारण वस्ती जी काही होती ती तेथेच होती. त्या काळातील मोटारींची इंजिने चढावर तापत, म्हणून पाण्याने भरलेली कॅनव्हासची पिशवी गाडीच्या पुढच्या बाजूला लटकवून प्रवासी निघत. दर पंधरा-वीस मैलांवर पेट्रोल, पाणी आणि पंक्चर काढून देणारा माणूस असणे ही चैन नव्हती. मात्र पाणी आणि पेट्रोल सर्वच थांब्यांवर मिळू लागले की गाडीने आपल्याच दारात थांबावे यासाठी आणखी काहीतरी दाखवणे भाग पडते, आणि रस्त्याकाठच्या नवलांचा व्यवसाय येथून सुरू होतो.

त्याला पुढचे वळण दिले ते १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्यान्वये देशभर ‘इंटरस्टेट’ महामार्गांचे जाळे उभे राहिले. इंटरस्टेट म्हणजे असा रस्ता, ज्यावर चौक नाहीत, सिग्नल नाहीत आणि ठरवून दिलेल्या फाट्यांखेरीज कोठेही उतरता येत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. थांबायचे की नाही हे ठरवायला चालकाने पाच सेकंद घेतले तरी सुमारे १४० मीटर रस्ता मागे पडलेला असतो. हातभर पाटी लावून भागण्याचे दिवस त्यामुळे संपले, आणि जे काही दाखवायचे ते मैलभर अंतरावरून दिसेल एवढे मोठे करण्याची स्पर्धा लागली.

या स्पर्धेचा अभ्यास वास्तुशास्त्रज्ञांनी गंभीरपणे केला आहे. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या ग्रंथात रस्त्याकाठच्या इमारतींचे दोन प्रकार कल्पिले. जिथे इमारत स्वतःच चिन्हाचे रूप घेते, तिला त्यांनी ‘बदक’ म्हटले, कारण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बदके विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने १९३१ मध्ये बदकाच्याच आकाराचे दुकान बांधले होते. आणि जिथे इमारत साधी खोक्यासारखी ठेवून तिच्यासमोर प्रचंड फलक उभारला जातो, तिला ‘सजवलेली पडवी’. विद्यापीठीय लिखाणात इतके थट्टेखोर आणि तरीही इतके उपयोगी वर्गीकरण क्वचितच आढळते.

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १० ने पूर्वेला निघाल्यावर सान गोर्गोनियो खिंडीत कॅबेझॉन येथे लागणारे दोन डायनोसॉर हे या अर्थाने अस्सल ‘बदक’ होत. क्लॉड बेल हे नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानासाठी पुतळे घडवणारे शिल्पकार. लहानपणी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८८१ मध्ये बांधलेली, आत शिरता येईल अशी हत्तीच्या आकाराची इमारत त्यांनी पाहिली होती आणि तिचा ठसा आयुष्यभर पुसला गेला नाही. महामार्गालगतच्या आपल्या खानावळीकडे गिऱ्हाईक वळावे म्हणून त्यांनी १९६४ मध्ये १५० फूट लांबीचा, लांब मानेचा ‘डिनी’ बांधायला घेतला. पोलादी सांगाडा, त्यावर जाळी आणि जाळीवर दाबाने फवारलेले सिमेंट अशी ही रचना पुरी व्हायला अकरा वर्षे लागली. तिच्या शेजारचा, सुमारे ६५ फूट उंचीचा टायरॅनोसॉरस १९८१ चा. डिनीच्या पोटात दुकान आहे. बेल १९८८ मध्ये वारले, ती खानावळ २०१३ मध्ये बंद पडली, म्हणजे ज्या व्यवसायासाठी जाहिरात उभारली तो व्यवसाय गेला आणि जाहिरात तेवढी उरली. मधल्या काळात ही जागा ज्यांच्या हाती गेली, त्यांनी पृथ्वीचे वय केवळ काही हजार वर्षांचे आहे असे सांगणारे प्रदर्शन या उत्क्रांतीच्या साक्षीदारांच्या पोटातच मांडले, आणि अलीकडे सणासुदीप्रमाणे त्यांना वेगवेगळे रंगही दिले जातात. डायनोसॉरने एवढे सहन केल्यावर त्याला आणखी कशाची भीती राहिली असेल असे वाटत नाही.

कॅबेझॉनच्या पुढे रस्ता उतरत उतरत समुद्रसपाटीच्या खाली जातो. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीच्या पुराने शेतीसाठी काढलेल्या कालव्याचे तोंड फोडले आणि १९०७ मध्ये भगदाड बुजवले जाईपर्यंत नदी या खोलगट भागात वाहत राहिली. त्यातून तयार झालेले तळे म्हणजे सॉल्टन सी. त्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही, शेतातून निथळलेले पाणी आणि त्याबरोबरचे क्षार आत येत राहतात आणि उन्हाने केवळ पाणी उडून जाते, त्यामुळे हे तळे आता महासागरापेक्षाही खारट झाले आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत येथे नौकाविहाराची केंद्रे आणि हॉटेले होती. पुढे पूर आले, मासे मरू लागले आणि पाहुणे पांगले. पूर्व काठावर बॉम्बे बीच नावाची, शे-दोनशे वस्तीची वाडी आहे, हे मराठी प्रवाशाला नकाशावरच चमकवून जाते. तेथील पडक्या घरांत आणि कोरड्या पडलेल्या काठावर २०१६ पासून कलावंतांनी मांडणशिल्पे उभारली आहेत.

या तळ्याच्या पूर्वेस नाईलंड गावाबाहेर असलेली ‘साल्वेशन माउंटन’ ही टेकडी वर सांगितलेल्या व्यापारी गणितात मुळीच बसत नाही. लेनर्ड नाइट (१९३१–२०१४) हे मूळचे व्हरमाँटचे. ‘देव म्हणजे प्रेम’ हा संदेश लिहिलेला उष्ण हवेचा फुगा उडवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी तोच संदेश जमिनीवर उभारायला घेतला. पहिली टेकडी वाळू आणि तुटपुंज्या सिमेंटची होती, ती १९८९ मध्ये कोसळली. दुसऱ्या खेपेस त्यांनी स्थानिक चिकणमाती आणि गवताचा पेंढा यांचा लगदा वापरला आणि त्यावर लोकांनी दिलेल्या रंगांचे थरावर थर चढवले. जवळ जाऊन पाहिले तर भिंतीवरील शेकडो फुलांची घडण ध्यानात येते : ओल्या मातीच्या गोळ्यात मूठ दाबून पडलेला खळगा हाच फुलाचा आकार असून त्याच्या कडा रंगाने इतक्या जाड झाल्या आहेत की त्या मातीच्या न वाटता रबराच्या वाटतात. बाजूच्या दालनात पेंढ्याचे भारे आणि जुने टायर रचून केलेली झाडे छताला टेकू देतात. १९९४ मध्ये जिल्हा प्रशासनाने येथील मातीत शिसे असल्याचे सांगून टेकडी हटवण्याचा विचार केला, त्यावर नाइट यांच्या पाठीराख्यांनी स्वतंत्र तपासणी करून घेतली आणि ती टेकडीच्या बाजूने गेली. पुढे २००० मध्ये अमेरिकेच्या लोककला संस्थेने तिला जतन करण्याजोगे स्थान म्हणून मान्यता दिली आणि २००२ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी तिची नोंद काँग्रेसच्या कामकाजात करविली.

नाइट जवळजवळ तीन दशके टेकडी रंगवू शकले याचे कारण त्यांची श्रद्धा जितके आहे, तितकेच ती जागा सरकारी होती आणि तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते हेही आहे. शेजारची ‘स्लॅब सिटी’ ही भाडे, वीज आणि नळ नसलेली वसाहत दुसऱ्या महायुद्धकाळातील कँप डनलॅप या मरीन कोअरच्या तळाच्या उरलेल्या काँक्रीटच्या जोत्यांवर वसलेली आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील भूमीचा मोठा हिस्सा आजही शासनाच्या मालकीचा आहे. मुक्त, स्वावलंबी, कोणाचेही ऐकून न घेणाऱ्या अमेरिकन माणसाचे प्रतीक म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्या नवलांपैकी अनेक प्रत्यक्षात सरकारी जमिनीवर, सरकारी रस्त्याच्या कडेला आणि सरकारच्या दुर्लक्षावर पोसलेली आहेत. या विसंगतीकडे कौतुक करणारे सहसा पाहत नाहीत.

उत्तरेकडे चढून जोशुआ ट्रीच्या परिसरात गेले की लँडर्स येथील ‘इंटिग्रेट्रॉन’ लागते. विमान कारखान्यांत काम केलेले जॉर्ज व्हॅन टॅसल १९४७ मध्ये तेथील ‘जायंट रॉक’ या अजस्र शिळेजवळ सरकारकडून जागा भाडेपट्ट्याने घेऊन राहू लागले, छोटी धावपट्टी आणि उपाहारगृह चालवू लागले आणि १९५३ मध्ये शुक्र ग्रहावरील पाहुण्याने आपल्याला यौवन परत देणाऱ्या यंत्राची कृती सांगितली असे त्यांनी जाहीर केले. लाकडी घुमट उभा राहिला, उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे मेळावेही भरले. १९७८ मध्ये व्हॅन टॅसल वारले तेव्हा यंत्र अपुरेच होते. आता त्या घुमटात स्फटिकाच्या वाडग्यांचा नाद ऐकवण्याचे पैसे घेतले जातात.

याच पट्ट्यात नोआ प्युरिफॉय (१९१७–२००४) यांचे दहा एकरांवरील उघडे संग्रहालय आहे, आणि या संपूर्ण फेऱ्यात एकाच ठिकाणी अर्धा दिवस द्यायचा झाल्यास तो येथे द्यावा. अलाबामात जन्मलेले हे कृष्णवर्णीय कलावंत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील कलाकेंद्राच्या संस्थापकांपैकी एक. १९६५ च्या तेथील उद्रेकात जळालेल्या घरादारांच्या अवशेषांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिल्पे घडवली होती. १९८९ मध्ये ते वाळवंटात आले आणि मोडक्या सायकली, संडासाची भांडी, जुने संगणक, पत्रे यांपासून शंभरांहून अधिक रचना उभारल्या. त्यांतील एका रचनेत दोन जागा शेजारी शेजारी आहेत : ‘गोरे’ अशी पाटी असलेल्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा कारंजी नळ आणि ‘काळे’ अशी पाटी असलेल्या बाजूला संडासाचे भांडे. पाणी कोणी कोठले प्यावे या प्रश्नावर महाड येथे १९२७ मध्ये काय घडले हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांना या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘रूट ६६’ च्या रम्य आठवणींत ही बाजू अभावानेच येते. कृष्णवर्णीय प्रवाशांना अनेक गावांत खोली, जेवण, कधी पेट्रोलदेखील नाकारले जाई, म्हणून कोठे थांबता येईल याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ हे मार्गदर्शक १९३६ पासून जवळजवळ तीन दशके त्यांना जवळ बाळगावे लागत होते. रस्ता सर्वांचा असला तरी थांबा सर्वांचा नव्हता.

ट्वेंटीनाइन पाम्सहून अ‍ॅम्बॉयला जाणारा रस्ता खिंड ओलांडून ब्रिस्टल या कोरड्या सरोवराच्या पांढऱ्या मिठागरावरून जातो. अ‍ॅम्बॉय हे रेल्वेच्या वर्णमालेतील पहिले गाव. तेथील भूजल पिण्यास अयोग्य इतके खारे. १९३८ मध्ये रॉय क्रोल यांनी येथे पेट्रोल पंप आणि दुरुस्तीची जागा सुरू केली, त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी उपाहारगृह आणि छोट्या खोल्या जोडल्या आणि १९५९ मध्ये ५० फूट उंचीचा ‘रॉइज’ हा निऑन फलक उभारला. काळा आणि लाल त्रिकोणी बाण, तिरक्या छपराचे काचेचे स्वागतकक्ष अशी ही शैली ‘गूगी’ म्हणून ओळखली जाते. अवकाशयुगाच्या आशेने भारलेल्या त्या काळात खानावळीदेखील उड्डाणाच्या तयारीत असल्यासारख्या बांधल्या जात. व्हेंचुरींच्या भाषेत ही ‘सजवलेली पडवी’, आणि तिचे दैव पूर्णतः रस्त्यावर अवलंबून होते. १९७३ च्या सुमारास इंटरस्टेट ४० उत्तरेकडून सुरू झाला आणि अ‍ॅम्बॉयची गिऱ्हाइकी जवळजवळ रातोरात आटली. ‘रूट ६६’ स्वतः २७ जून १९८५ रोजी अधिकृत यादीतून वगळला गेला. सबंध गाव २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा या उपाहारगृह व्यावसायिकाने सव्वाचार लाख डॉलरना विकत घेतले आणि फलकावरील निऑन २०१९ मध्ये पुन्हा पेटले. आता तेथे लोक थांबतात ते पेट्रोलसाठी कमी आणि फलकाचे छायाचित्र घेण्यासाठी अधिक.

अ‍ॅम्बॉयच्या पूर्वेला जुन्या रस्त्याच्या कडेने मातीचे लांबच लांब बांध आहेत. अवचित पडणाऱ्या पावसाचे लोंढे अडवून ते पुलांकडे वळवण्यासाठी ते घातलेले असून, त्यांच्या उतारावर प्रवाशांनी ज्वालामुखीचे काळे दगड आणि बाटल्या मांडून स्वतःची नावे लिहिली आहेत. अशी नावे मैलोन्‌मैल दिसतात. याच भागात २०१३ मध्ये चिनी धाटणीचे दोन संगमरवरी सिंह माळावर एकमेकांपासून दूर, भक्कम चौथऱ्यांवर अवतरले. ना त्यांच्याजवळ दुकान आहे, ना पाटी. जुन्या रस्त्यावरील लाकडी पूल मात्र लोंढ्यांनी खिळखिळे झाल्याने त्याचे काही टप्पे वर्षानुवर्षे बंद असतात, आणि निघण्यापूर्वी याची चौकशी न करणाऱ्याला मोठा वळसा घ्यावा लागतो.

केल्सोच्या वाळूच्या टेकड्यांवरून उत्तरेला बेकर गाठले की पुन्हा इंटरस्टेटचे राज्य सुरू होते. लॉस एंजेलिस ते लास व्हेगास या इंटरस्टेट १५ वरील हे गाव म्हणजे पेट्रोल, खाणे आणि स्वच्छतागृहे. विलिस हेरॉन या स्थानिक व्यावसायिकाने १९९१ मध्ये येथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभारला. ही उंची ठरली ती जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस, या जागतिक विक्रमावरून. काही हवामानतज्ज्ञ त्या नोंदीवर शंका घेतात, तरी विक्रम अधिकृत आहे. यात पारा नाही, केवळ दिव्यांचे आकडे आहेत. पहिला सांगाडा वाऱ्याने मोडून पडला, तेव्हा दुसऱ्यात काँक्रीट भरावे लागले. उन्हाचाच आकडा दाखवून थंड पेय विकण्याची ही युक्ती म्हणजे पाणपिशवीच्या काळातील व्यापाराचा सर्वांत शुद्ध अवतार होय.

बेकरच्या नैर्ऋत्येस काही मैलांवर ‘झायझिक्स’ असा फाटा लागतो. कर्टिस हाउ स्प्रिंगर या रेडिओवरील धर्मोपदेशकाने १९४४ मध्ये १८७२ च्या खाण कायद्याचा आधार घेऊन येथील सुमारे १२,८०० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगितला. हा कायदा खनिज शोधणाऱ्याला सरकारी जमिनीवर दावा करू देतो. स्प्रिंगर यांनी मात्र खाण न काढता आरोग्यधाम काढले, इंग्रजी शब्दकोशात सर्वांत शेवटी येईल असे नाव त्याला दिले, बाष्पकाने तापवलेले पाणी ‘उष्ण झरे’ म्हणून दाखवले आणि टपालाने औषधे विकली. अमेरिकन वैद्यक संघटनेने त्यांना भोंदूंचा राजा म्हटले आणि १९७४ मध्ये सरकारने त्यांना जागेबाहेर काढले. आता तेथे कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाचे वाळवंट अभ्यासकेंद्र आहे. स्प्रिंगर यांनी पाहुण्यांसाठी खोदलेले तळे आज मोहावी टुई चब या नष्टप्राय माशाच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक ठरले आहे. मोहावी नदीतील या माशाचा शुद्ध वंश बाहेरून आलेल्या दुसऱ्या जातीशी संकर होऊन संपला होता.

परतीच्या वाटेवरील कॅलिको या चांदीच्या खाणींच्या ओस गावाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. १८८१ मध्ये वसलेले हे गाव चांदीचे भाव पडताच उठले, १९५१ मध्ये नॉट्स बेरी फार्मचे वॉल्टर नॉट यांनी ते घेतले, आपल्या उद्यानात आधीच बांधलेल्या नकली ओस गावाच्या थाटात खऱ्या गावाची डागडुजी केली आणि १९६६ मध्ये ते जिल्ह्याला देऊन टाकले. त्यापेक्षा ओरो ग्रँडेजवळ एल्मर लाँग यांनी लोखंडी नळ्यांवर रंगीत बाटल्या खोवून उभारलेले रान कितीतरी प्रामाणिक वाटते. वडिलांनी वाळवंटातून वेचलेल्या बाटल्यांच्या साठ्यातून २००० मध्ये पहिले झाड उभे राहिले आणि २०१९ मध्ये लाँग वारले तोवर त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली होती.

करणारी माणसे गेल्यावर या कामांचे काय करायचे, हा आता खरा प्रश्न आहे. रॉइजचा फलक दुरुस्त करणे सोपे आहे, कारण तो मुळात कसा होता हे छायाचित्रांतून कळते. साल्वेशन माउंटनला दर पावसानंतर भेगा पडतात आणि नव्या रंगाचा प्रत्येक थर नाइट यांच्या हाताचा ठसा आणखी खोल गाडतो. प्युरिफॉय यांनी तर ऊन, वारा आणि वाळू यांना आपल्या कामातील भागीदार मानले होते, झीज त्यांना अभिप्रेतच होती. पण प्रेक्षक आत फिरतात अशा रचनांच्या फळ्या सडून चालत नाहीत, आणि त्यांच्या नावाच्या न्यासाला प्रत्येक रचनेबाबत कोणती फळी बदलायची आणि कोणती पडू द्यायची हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते.